पेटंट न घेतलेला शोध

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी एमएस्सी बायोटेक करतंय का? मग लॅबच्या फ्रिजमधली अँटीबॉडीची बाटली दाखवायला सांगा. बोटाच्या पेराएवढी असते आणि महाग इतकी, की थेंब सांडला तरी गाईडचा चेहरा पडतो. मायटोकॉन्ड्रियाचे स्वतःचे रायबोसोम असतात आणि माणसात त्यांची ८०च्या आसपास प्रथिनं. पेशीतल्या हजारोंच्या गर्दीत त्यातलं एकच शोधायचं, तर फक्त त्यालाच चिकटणारी अँटीबॉडी हवी. बाटलीवर 'मोनोक्लोनल' लिहिलेलं असेल, तर तिची गोष्ट सेझार मिलस्टीनपासून सुरू होते.

सेझार १९२७ चा, अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांकाचा. कॉलेजात टॉपर वगैरे अजिबात नव्हता, विद्यार्थी चळवळीतच जास्त रमायचा. सेलियाशी लग्न केलं आणि दोघं जवळजवळ वर्षभर युरोपात लिफ्ट मागत फिरले! मग बुएनोस आयरेसला पीएचडी, केंब्रिजला दुसरी पीएचडी. १९६१ मध्ये तो मायदेशी परतला, नवा विभाग उभा करायला लागला. पण १९६२ मध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि संस्थेतल्या सहकाऱ्यांना काढून टाकलं. याची नोकरी शाबूत होती, तरी यानं राजीनामा दिला. विचार करा, हातात स्वतःचा विभाग होता.

१९६३ मध्ये तो पुन्हा केंब्रिजला. तिथे फ्रेडरिक सँगरनं त्याला अँटीबॉडीकडे वळवलं. तेव्हा अडचण अशी होती, की प्राण्याच्या रक्तातून मिळायची ती अँटीबॉडींची खिचडी. प्राणी बदलला की खिचडीही बदलली. एका बी-पेशीची अँटीबॉडी एकाच प्रकारची असते खरी, पण ती पेशी बशीत लवकर मरते. कॅन्सरची पेशी मात्र वाढतच राहते. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलहून आलेल्या जॉर्ज कोलरच्या साथीनं त्यानं या दोघींना एकत्र जोडलं. जोडपेशी मरेना आणि एकच अँटीबॉडी बनवत राहिली. दर वेळी तीच, हवी तितकी. १९७५ मध्ये 'नेचर'मध्ये पेपर आला.

पेटंटचं काय? ब्रिटनच्या सरकारी मंडळाला कळवलं होतं, त्यांना त्यात तातडीचा व्यावहारिक उपयोग दिसला नाही! पुढे यावरून तिथे बराच गदारोळ झाला. सेझार मात्र मागेल त्या लॅबला पेशी पाठवत राहिला. विनंती एवढीच, की यातून जे बनेल त्याचं पेटंट घेऊ नका. अमेरिकेतल्या एका गटानं ते घेतलंच.

१९८४ मध्ये कोलर आणि नील्स येर्ने यांच्यासोबत त्याला नोबेल मिळालं. कोलर १९९५ मध्ये गेला, अवघ्या ४८ व्या वर्षी. सेझार २००२ मध्ये, केंब्रिजमध्येच. तोवर त्याच्या पद्धतीच्या अँटीबॉडी विकणाऱ्या कंपन्यांचे जाडजूड कॅटलॉग निघायला लागले होते.