पाण्याचा हक्क आणि शेजाऱ्याचे कर्तव्य : डॉ. भीमराव आंबेडकर

भारताच्या राज्यघटनेने नागरिकांना हक्क भरभरून दिले, पण कर्तव्यांचा तीत पत्ताच नव्हता. ती पुढे १९७६ साली घालावी लागली. हे म्हणणे आपल्या बीदर-कलबुर्गीकडच्या मंडळ्यांतूनही वरचेवर ऐकू येते. २६ जानेवारी जवळ आली की शब्बाथ शाळेच्या शिक्षकांपुढे तर ते हमखास येते. त्यात अर्धे सत्य आहे. कर्तव्यांचे निराळे प्रकरण मूळ घटनेत नव्हते हे खरे. परंतु घटनेच्या मसुद्याचा भार ज्यांनी वाहिला त्यांचे आयुष्य पाहिले म्हणजे कर्तव्ये त्यांनी कोठे ठेवली आहेत ते कळते. म्हणून या महिन्यात आम्ही डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. सगळे चरित्र येथे मावणार नाही. त्यातले पाणी तेवढे धरून आम्ही चालणार आहोत.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याचे, पंथ कबीराचा. आई भीमाबाई मुलगा लहान असतानाच वारल्या. पुढे कुटुंब साताऱ्यास राहिले आणि तेथील शाळेत भीमाला महार म्हणून इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या तरटावर बसावे लागे. तहान लागली तर शाळेचा शिपाई वरून पाणी ओती, तेव्हा ते प्यावयाचे. शिपाई नसला तर तहानलेलेच राहावयाचे. नळ समोर असे.

१९०१ सालच्या उन्हाळ्यातील एक हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. वडील तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुटीत मुलांनी तिकडे यावे म्हणून त्यांनी कळविले. भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. पत्र वेळेवर न मिळाल्यामुळे घ्यावयास कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी आधी आपुलकीने चौकशी केली; मुले महारांची आहेत हे कळताच त्यांचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे घेऊनही येईनात. शेवटी तोड निघाली ती अशी, की मुलांनी गाडी स्वतः हाकावी आणि गाडीवाल्याने बाजूने पायी चालावे. बरोबर फराळाचे भरपूर होते, पण पाणी कोणी देईना, आणि पाण्यावाचून घास उतरेना. रात्री टोलनाक्यावर मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगून पाहिले, तरीही पाणी मिळाले नाही. ती तशीच उपाशी निजली. त्या मुलांचा हक्क कोणत्या सरकारी हुकुमाने बुडविला होता? कोणत्याच नाही. तो बुडविला स्टेशनमास्तराने, गाडीवाल्याने, टोलनाक्यावरच्या माणसाने, म्हणजे वाटेत भेटलेल्या शेजाऱ्यांनी. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे घटनेकडे आलो की तिचा उपयोग होईल.

शिक्षणाची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वश्रुत आहे. १९१२ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथून लंडनला. पुढे डॉक्टरेट झाली, बॅरिस्टरी झाली. मध्यंतरी १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हा एवढ्या विद्वान माणसाला राहावयास जागा मिळाली नाही आणि पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावून लावण्यात आले. विद्येने शेजारी बदलत नाही, हे त्यांना तेथे कळून चुकले असावे.

आता महाडकडे येऊ. १९२३ साली रावबहादुर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पैशावर चालणारी तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांस खुल्या केल्या. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपले चवदार तळे खुले केले. कागदावर सर्व झाले. पाणी मात्र कोणी घेऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. परत फिरणाऱ्या लोकांवर गावात लाठ्या पडल्या. उलटून हात उगारावयाचा नाही, असे त्यांनी आपल्या माणसांना बजावले होते.

त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. तत्पूर्वी विरुद्ध पक्षाने तळे खाजगी असल्याचा दावा लावून दिवाणी कोर्टाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. हजारो माणसे पाणी घेण्याच्या निश्चयाने जमली होती. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करविला. एका हाती हक्क आहे, दुसऱ्या हाती कोर्टाचा हुकूम आहे, आणि माणसे तापलेली आहेत, अशा वेळी त्यांनी हुकूम पाळला. पण हक्क सोडला नाही. दावा दहा वर्षे चालला आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. आमच्या मते हक्क आणि कर्तव्य यांचा तोल कसा राखावा हे या दहा वर्षांत जितके दिसते तितके पुष्कळ ग्रंथांतूनही दिसणार नाही. महाडच्या पहिल्या दिवसाचे चित्र घरोघर लागले. या दहा वर्षांच्या खेपांचे चित्र कोणी काढले नाही.

आमच्या भागाशी अधिक जवळची गोष्ट १९३४ ची. संतपूर, बीदर, गुलबर्गा, औरंगाबाद हे सर्व तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होते. बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहावयास निघाले असता वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून थांबले. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने अंगे माखली होती. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने भरलेले टाके होते. तेथे काहींनी हातपाय धुतले. तोच एक वृद्ध मुसलमान गृहस्थ टाके बाटविले म्हणून ओरडत आले आणि जमाव जमला. एखादा अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला तुम्ही अडवाल काय, असे बाबासाहेबांनी रागाने विचारले. त्यावर लोक गप्प झाले. किल्ला पाहू दिला, पण आत कोठेही पाण्याला हात लावावयाचा नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. या प्रसंगावरून आपण मुसलमान बांधवांकडे बोट दाखवू लागलो तर त्यातला अर्थ हरवेल. स्पर्शाचा विटाळ धर्माची वेस मानीत नाही, एवढे त्यावरून दिसते. सूखार गावच्या विहिरीवर प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले ही कथा आपण मुलांना शिकवितो. तीही याच विटाळाची कथा आहे.

ख्रिस्ती लोकांनाही बाबासाहेबांनी सोडले नाही. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे त्यांचे भाषण झाले. प्रभू येशूविषयी ते आदराने बोलले. परंतु शिक्षण व मिशनचा आधार लाभूनही ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध झगडला नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. नोकरी, शाळा, दवाखाना यांचा लाभ घ्यावा, आणि मागे राहिलेल्या भाऊबंदांचे काय चालले आहे ते पाहू नये, असा तो आरोप होता. कडू आहे, पण आपल्या मंडळ्यांचा इतिहास पाहता तो खोटा होता असे आम्हांस म्हणवत नाही.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटना समितीने मसुदा समिती नेमली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. घटना समितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगालमधील ख्रिस्ती गृहस्थ होते. मसुद्यावरील चर्चेत कित्येक दिवस सभेच्या खुर्चीवर तेच होते, ही गोष्ट आपल्यांतही थोड्यांना ठाऊक असते.

आता कर्तव्ये कोठे आहेत ते पाहू. बहुतेक मूलभूत हक्क नागरिकाला सरकारविरुद्ध मिळतात. पण काही कलमे सरकारापाशी थांबत नाहीत. कलम १५ चे दुसरे उपकलम दुकाने, हॉटेले, करमणुकीच्या जागा, तसेच सरकारी खर्चाच्या वा जनतेसाठी सोडलेल्या विहिरी, तळी, घाट, रस्ते येथे कोणाही नागरिकाला जात, धर्म, लिंग यांवरून अडथळा होता कामा नये, असे सांगते. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते व ती पाळणे गुन्हा ठरविते. कलम २३ वेठीस मनाई करते. मसूरचा स्टेशनमास्तर, गाडीवाला, दौलताबादचा जमाव हे सर्व येथे कायद्याच्या कक्षेत आले. एकाच्या हक्कात दुसऱ्याचे कर्तव्य घातले गेले. दुकान या शब्दात धोबी, न्हावी येतात काय, अशी शंका सभेत निघाली तेव्हा मोबदला घेऊन सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो, असा खुलासा बाबासाहेबांनी केला. खेड्यात राहणाऱ्यालाच या खुलाशाची किंमत कळेल.

दुसरी बाजूही त्यांनी सांभाळली. कोणताही हक्क अमर्याद नसतो, अमेरिकेतही नसतो, हे त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना विस्ताराने सांगितले. आपल्याला प्रिय असलेला धर्मप्रसाराचा हक्क कलम २५ मध्ये आहे. तोही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून दिलेला आहे, आणि इतरांच्या मूलभूत हक्कांच्याही. वाक्याचा हा पहिला भाग आपल्या व्यासपीठावरून सहसा वाचला जात नाही.

हैदराबाद संस्थानाचा प्रतिनिधी घटना समितीत बसला नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, आणि २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने निजामांनी घटना मान्य केली. तीनच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, ती दिल्लीत स्वीकारण्यात आली. अशा रीतीने कलम १७ आमच्या गावांना त्यांचा एकही माणूस त्या चर्चेत नसताना मिळाले. आदल्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, आता घटनेचा मार्ग खुला झाला आहे, म्हणून रस्त्यावरचे जुने मार्ग सोडावेत. कोणा थोर पुरुषाच्या पायी आपले स्वातंत्र्य वाहू नये. आणि बंधुभाव नसेल तर समता व स्वातंत्र्य टिकणार नाहीत. त्यापूर्वी १९४३ मध्ये पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांवर बोलतानाही, समाजाची विवेकबुद्धी पाठीशी नसेल तर कायदा हक्क राखू शकत नाही, असे त्यांनी म्हटले होते.

१९५० मध्ये त्यांच्या संस्थेने औरंगाबादेत कॉलेज काढले; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. १९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडले म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५५ मध्ये अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांस शिक्षा सांगणारा कायदा झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला. ते आपल्याकडे का आले नाहीत, याचे उत्तर शोधणाऱ्याने सोलापूरचे भाषण पुन्हा वाचावे. १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडून बीदर जिल्ह्याचा आमचा भाग म्हैसूर राज्यात आला, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले.

वीस वर्षांनी बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ५१ अ आले. त्यात दहा कर्तव्ये होती. मुलांना शिक्षणाची संधी देण्याचे अकरावे २००२ साली आले. ती चांगलीच आहेत. मात्र ती न पाळणाऱ्यास त्या कलमाने शिक्षा नाही. कलम १७ मोडणाऱ्यास आहे.

शब्बाथ शाळेत हे चरित्र सांगावयाचे झाल्यास मसूर स्टेशनापासून आरंभ करावा. भीमाचे वय तेव्हा दहा वर्षांचे होते. मग कलम १५ चे दुसरे उपकलम फळ्यावर लिहून आपल्या गावातील विहिरी, हॉटेले, न्हाव्याची दुकाने यांची यादी मुलांनाच करू द्यावी. मोठ्यांचा वर्ग असेल तर मंडळीची बाके आणि कबरस्थानही यादीत घालावे. ती त्या कलमात बसतात की नाही हा वाद निराळा.