लंडनमधील विद्यार्थी

परमपूज्य बाबासाहेब लंडनला प्रथम शिकू लागले ते १९१६ साली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असे दोन अभ्यास त्यांनी एकदमच हाती घेतले. पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली व १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. वेगळ्या बोटीने पाठविलेली त्यांची पुस्तके समुद्रात बुडाली.

बाबासाहेबांनी धीर सोडला नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. राजर्षी शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांनीही साह्य केले. १९२० साली ते पुन्हा लंडनला पोहोचले. इकडे रमाई काटकसरीने संसार ओढीत होत्या.

लंडन हे राजवाड्यांचे, नाटकगृहांचे जुने शहर. बाबासाहेबांनी ते पाहिले पायी चालत, कारण भाड्याचे पैसे वाचवायचे होते. रोजची वाट ठरलेली : खोली ते ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. दार उघडताच आत जावे, बंद होताना बाहेर पडावे. दुपारच्या जेवणाला फाटा. रात्री भूक लागली की पापड भाजून खावेत आणि पुन्हा वाचीत बसावे.

१९२१ साली ते एम.एस्सी. झाले, १९२२ साली बॅरिस्टर आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने डी.एस्सी. साताऱ्याच्या शाळेत ज्याला वेगळे बसविले, त्याच मुलाने हे करून दाखविले.

बंधुभगिनींनो, शहाद्या-तळोद्याहून आपला मुलगा किंवा मुलगी परगावच्या वसतिगृहात जाते, तेव्हा पहिले दिवस जड जातात. निरोप देताना त्यांना ही हकीकत अवश्य सांगा.