आधी विद्यार्थी, मग डॉक्टर

आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी आमच्या माळशिरसला मुक्कामी असते. एका वर्षी मी औषधोपचाराच्या मंडपात बसलो होतो. एका शिकाऊ डॉक्टरने मराठवाड्यातल्या एका आजींना काय त्रास होतो, असे विचारले. माउलींच्या कृपेने सगळे बरे आहे, असे आजी म्हणाल्या. डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळला. मग एक वयस्क परिचारिका आजींजवळ खाली बसली. तिने गाव विचारले, जेवण झाले का विचारले. तेव्हा कुठे कळले की, आजींना दोन दिवस चक्कर येत होती. पंढरीच्या वाटेवर दुखण्याची कुरकुर करू नये, अशी त्यांची रीत. दोघेही मराठीच बोलत होते. तरी आजींचे बोलणे डॉक्टरला कळले नव्हते.

त्याला तरी काय म्हणावे? मी बँकेत अधिकारी होतो. कर्जाचा कागद समजला का, असे विचारले की शेतकरी मान डोलवायचा. ती मान समजल्याची नसून संकोचाची असते, हे उमजायला मला बरीच वर्षे लागली.

त्या रात्री आमच्या जिल्ह्याचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवले. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. वैद्यकीय शिक्षण मुंबईत. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात सत्तावीस वर्षांचे कोटणीस होते. तिथे गेल्यावर वडील वारल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पुढे सोबती एकेक करून मायदेशी आले. कोटणीस आघाडीवर राहिले.

दुभाष्याच्या आधाराने जखम शिवता येते, पण जखमीचा धीर बांधता येत नाही. कोटणीस चिनी बोलायला, वाचायला, लिहायला शिकले. १९४१ मध्ये डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले आणि खेड्यापाड्यांतल्या पोरांना शस्त्रक्रिया शिकवू लागले, तीही चिनी भाषेत. विद्यार्थ्यांसाठी चिनीतून पुस्तक लिहायला घेतले. त्याच वर्षी परिचारिकांना शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस.

२०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद कसा साधावा, हेही शिकवले जाते. फार चांगले झाले. मात्र ते शिकवणाऱ्याने कोटणीसांची गोष्ट जरूर सांगावी. परक्या मुलखात गुरुजी होण्याआधी ते तिथल्या माणसांचे विद्यार्थी झाले होते.

पहाटे पालखी निघण्यापूर्वी मी पुन्हा मंडपात गेलो. तो तरुण डॉक्टर सतरंजीवर मांडी घालून बसला होता. एका वारकऱ्याला तो आधी त्याचे गाव विचारत होता.