कर्जमुक्तीच्या जत्रेत खराटा घेऊन उतरलेला देबू पुढं गाडगेबाबा झाला

पौषातला रविवार आला की वऱ्हाडातल्या माणसांचे पाय ऋणमोचनकडं वळतात. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठावरचं हे गाव. थंडीत नदीत बुडी मारायची, महादेवाचं दर्शन घ्यायचं आणि मग जत्रेत फिरायचं. इथं आंघोळ केली की माणूस ऋणातून सुटतो अशी श्रद्धा. गावाचं नावच तसं पडलंय.

शंभरहून जास्त वर्षांपूर्वी या जत्रेत एक माणूस आला. त्याला कर्ज म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं.

देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा. घर परटाचं. बाप दारूपायी गेला आणि आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. हे गाव अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात. देबू तिथं गुरं राखायचा, नांगर धरायचा. शेतीत तो तरबेज झाला. पण मामाला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि सावकाराच्या कागदावर अंगठे उठले होते. व्हायचं तेच झालं. जमीन गेली आणि त्या धक्क्यानं मामाही गेला.

देबूचं पहिलं बंड मात्र सावकाराविरुद्ध नव्हतं, ते घरातल्याच पंगतीत झालं. मुलीच्या बारशाला मटण आणि दारू हवीच अशी जातीची रीत होती. त्यानं गोडाचं जेवण वाढलं. जातवाले चिडले, पण हा हलला नाही. ज्याचा बाप दारूनं खाल्ला त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा करणार?

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. मागं म्हातारी आई, बायको कुंताबाई आणि लेकरं होती. बाबांची थोरवी सांगताना कुंताबाईंनी काय सोसलं हे फार कुणी सांगत नाही.

आता ऋणमोचनचं बघा. पूर्णेचं खोरं काळ्या मातीचं. ही माती ओली झाली की पाय ठरत नाही. ओलेत्यानं वर चढताना म्हातारे घसरायचे, बायका पडायच्या. पुण्य घ्यायला आलेला माणूस पाय मोडून घरी जायचा. देबूजींनी फावडं घेऊन उतार नीट केला, जत्रेतली घाण खराट्यानं काढली. पुढं लोकवर्गणीतून तिथं घाटही बांधला गेला.

हीच पुढं त्यांची पद्धत झाली. अंगावर चिंध्या, हातात खराटा, जवळ मातीचं गाडगं. जेवायचं त्यातच आणि ऊन लागलं की तेच डोक्यावर. त्यावरूनच गाडगेबाबा हे नाव पडलं. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री वऱ्हाडी बोलीत कीर्तन करायचं. कीर्तन म्हणजे नुसती प्रश्नांची सरबत्ती. देवाला बोकड कशाला, कर्ज काढून लग्न-तेरवी कशाला, पोरगं शाळेत का नाही? उत्तरं समोरच्या शेतकऱ्यांनीच द्यायची.

मजा अशी की त्यांनी जत्रा कधी बंद करायला सांगितल्या नाहीत. लोक जिथं श्रद्धेनं जमतात तिथंच ते गेले. आषाढीला पंढरपुरात लाखो लोक विठ्ठलाच्या दारात उभे असायचे आणि बाबा बाहेर घाण काढत असायचे. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथं त्यांनी गरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी होती. ती त्यांनी नंतर बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली.

एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची बातमी कीर्तन चालू असतानाच आली. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडं येताना वलगावजवळ गाडगेबाबांनी प्राण सोडला. समाधी अमरावतीत, ज्याला आज गाडगेनगर म्हणतात तिथं आहे. अमरावतीचं विद्यापीठही आता त्यांच्याच नावानं ओळखलं जातं, आणि पौषातल्या रविवारी ऋणमोचनला आजही जत्रा भरते.