शेतातल्या वाफ्यांचं गणित टेलिफोनच्या तारेत : राज चंद्र बोस यांची गोष्ट

बडोदा (प्रतिनिधी) : रावपुरा असो, दांडिया बाजार असो की आपल्याकडचं नवापूर, टेलिफोनची तांब्याची तार टाकली गेली ती फक्त बोलण्यासाठी. पुढे त्याच तारेवरून ब्रॉडबँड आलं. जॉइंटला गंज, डब्यात पावसाचं पाणी, शेजारच्या तारेची खरखर, घरात पंप सुरू झाला की बसणारा झटका. एवढं सगळं सोसून आलेल्या बँकेच्या पासबुकातला आकडा मात्र चुकत नाही. याचं बरंचसं श्रेय ज्या गणिताला जातं, त्याच्या घडवणाऱ्यांपैकी एक माणूस नर्मदाकाठी जन्मला. पुढे आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या सीमेवरून बडोद्याच्या दक्षिणेला भरूचकडे जाते, तीच ही नर्मदा.

राज चंद्र बोस यांचा जन्म १९ जून १९०१ चा, होशंगाबादचा. वडील डॉक्टर. बालपण रोहतकला गेलं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आई गेली, थोड्याच काळात वडीलही गेले. भावंडांत बोस थोरले. दिल्लीत कॉलेज करत करत शिकवण्या घेऊन त्यांनी घर चालवलं. मग कोलकात्याला जाऊन शुद्ध गणितात एम.ए. केलं आणि आशुतोष कॉलेजात शिकवू लागले. विषय भूमितीचा. त्याचा पोटापाण्याशी काही संबंध असेल, असं तेव्हा कोणालाच वाटलं नसतं.

१९३२ च्या शेवटी प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्यांना भारतीय सांख्यिकी संस्थेत बोलावलं. बोस यांना संख्याशास्त्र येत नव्हतं, ते त्यांनी तिथेच शिकून घेतलं. संस्थेपुढचे प्रश्न शेतीतले होते. बियाण्याचे पाच वाण तपासायचे असतील, तर शेताचे वाफे असे पाडायचे की प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत एकदाच यावा. नाहीतर जमिनीच्या कसाचा फायदा एकाच वाणाला मिळतो. इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ फिशर यांच्या प्रश्नांनी बोस यांना दिशा मिळाली. मोजक्याच संख्यांत हिशेब फिरवणारं एक बीजगणित त्यांनी या वाफ्यांच्या मांडणीला लावलं.

१९४९ मध्ये ते अमेरिकेत चॅपल हिलला प्राध्यापक झाले. बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं तेही त्याच वर्षी. तिथे त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारे शरदचंद्र श्रीखंडे आपल्यातले. जन्म मध्य प्रदेशातल्या सागरचा, नोकरी आधी नागपूरला, पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे पहिले प्रमुख. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी ऑयलरचा १७८२ पासूनचा, म्हणजे १७७ वर्षांचा एक अंदाज खोटा ठरवला. तोही अशाच आडव्या-उभ्या मांडण्यांचा होता. या बातमीला न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर जागा दिली.

तारेशी संबंध आला तो पुढच्याच वर्षी. १९६० मध्ये बोस आणि त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्र राय-चौधुरी यांनी चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांचं एक मोठं कुटुंबच मांडलं. फ्रान्सचे होकेनघेम स्वतंत्रपणे १९५९ मध्ये तिथेच पोचले होते. म्हणून तिघांच्या आद्याक्षरांवरून या संकेतांना बीसीएच म्हणतात.

हे सगळं आहे काय? वहीखात्याच्या भाषेत सांगायचं तर आकड्यांचा तक्ता घ्या. प्रत्येक आडव्या ओळीची बेरीज कडेला आणि प्रत्येक उभ्या ओळीची खाली लिहा. तक्ता पाठवताना एक आकडा बिघडला, तर एक आडवी आणि एक उभी बेरीज जुळणार नाही. दोन्ही ओळी जिथे छेदतात तिथेच चूक. मूळ कागद न मागता आकडा सुधारता येतो. बोस यांच्या गणितानं हाच ताळा कमी जादा आकड्यांत, एकापेक्षा जास्त चुकांसाठी बसवून दिला. किती चुका हमखास सुधारतील, तेही आधीच ठरवता येऊ लागलं.

तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडमध्ये रीड-सोलोमन संकेत वापरतात. तोही १९६० चाच, आणि याच कुटुंबात बसणारा. जास्तीत जास्त २५५ बाइटच्या गठ्ठ्यात ताळ्याचे १६ बाइट घातले, तर ८ बिघडलेले बाइट सुधारतात. फुकट मात्र काही नाही. ताळ्याचे बाइट वेगातला वाटा खातात. एकाच झटक्यात सलग बाइट बिघडू नयेत म्हणून ते विस्कटून पाठवतात, त्यानं थोडा उशीर होतो.

आणि ताळा कुठे लिहिलाय, हे दोन्ही टोकांना ठाऊक हवं. म्हणून घरचा मोडेम आणि एक्स्चेंजमधलं यंत्र आधी आपसात ठरवून घेतात, की कुठली पद्धत दोघांनाही येते. मोडेम फक्त जुनं एडीएसएल जाणणारा असेल, तर एक्स्चेंजला एडीएसएल-२ प्लस येऊन उपयोग नाही. लाइन जुन्याच पद्धतीवर चालते. ग्राहकानं एवढं लक्षात ठेवावं : मोडेमच्या पानावर एफईसीचा आकडा म्हणजे सुधारलेल्या चुका, सीआरसीचा म्हणजे हाताबाहेर गेलेल्या. पहिला वाढला तर घाबरायचं कारण नाही. दुसरा भराभर वाढत असेल, तर लाइनमनला बोलावून जॉइंट तपासून घ्या.

बोस १९७१ मध्ये चॅपल हिलहून निवृत्त झाले आणि कोलोराडोत शिकवायला गेले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं त्यांना सदस्य केलं. ३१ ऑक्टोबर १९८७ ला फोर्ट कॉलिन्स इथे ते वारले. घराघरांत ब्रॉडबँड आलेलं त्यांनी पाहिलं नाही.

तांब्याच्या जागी आता फायबर येतंय, म्हणून हे गणित जुनं झालं असं नाही. चहाच्या टपरीवर पैसे देताना आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्याच्या कोपऱ्यांतल्या चौकोनांलगतच्या काही ठिपक्यांत बीसीएच संकेतच असतो आणि बाकीच्या मजकुराला रीड-सोलोमन सांभाळतो. कागद थोडा मळला, फाटला तरी पैसे बरोबर खात्यात जातात ते त्यामुळेच. आपल्या कॉलेजांत एखादी मुलगी किंवा मुलगा शुद्ध गणित घेतो म्हणाला, की घरचे विचारतात, याचा उपयोग काय. त्यांना टपरीवरचा तो मळका कागद दाखवायला हरकत नाही.