वॉटचा सिलिंडर आणि कोळशाचा हिशेब

किटलीचे झाकण वाफेने उडताना पाहून जेम्स वॉटला एंजिन सुचले, ही गोष्ट बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. वॉट १७३६ मध्ये स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे जन्मला, त्याच्या चोवीस वर्षे आधीच थॉमस न्यूकमेनचे एंजिन इंग्लंडमधील खाणीचे पाणी उपसू लागले होते. वॉटने थांबविली ती त्या एंजिनाची उधळपट्टी.

ग्लासगो विद्यापीठात उपकरणे तयार करणाऱ्या वॉटकडे १७६३-६४ च्या हिवाळ्यात न्यूकमेन-एंजिनाची लहान प्रतिकृती दुरुस्तीस आली. थोड्याच फेऱ्यांत तिची वाफ संपे. वाफेचे पाणी करण्यासाठी दर फेरीस सिलिंडरमध्येच गार पाणी सोडले जाई. त्यामुळे पोकळी निर्माण होऊन हवेच्या दाबाने दट्ट्या खाली येई, पण सिलिंडरही गार पडे. पुढल्या फेरीची बरीचशी वाफ तो पुन्हा तापविण्यातच खर्ची पडे. सिलिंडर सदैव तप्त ठेवावा आणि वाफ निववण्यासाठी निराळे पात्र जोडावे, हा उपाय वॉटला १७६५ मध्ये सुचला.

पण कल्पनेचे यंत्र होण्यास आणखी अकरा वर्षे लागली. न्यूकमेनच्या एंजिनात दट्ट्यावर पाणी ठेवून फट बुजविता येई. तप्त सिलिंडरात ती सोय नव्हती. त्यामुळे सिलिंडर आतून अचूक गोल हवा होता, आणि तसा घडविणारा कारागीर मिळत नव्हता. १७६९ मध्ये पेटंट मिळूनही वॉट कालव्यांच्या मोजणीवर पोट भरीत होता. १७७३ मध्ये त्याचा भागीदार जॉन रोबक याचे दिवाळे निघाले. पुढे बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने भांडवल पुरविले, पार्लमेंटने १७७५ मध्ये पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढविली, आणि तोफा कोरण्यात निष्णात असलेल्या जॉन विल्किन्सनने दोन्ही टोकांस आधार दिलेल्या दांड्यावर हत्यार बसवून हवा तसा सिलिंडर कोरून दिला. १७७६ मध्ये पहिली एंजिने कामास लागली.

बोल्टन आणि वॉट यांचा मोबदलाही बोधप्रद होता: जुन्या एंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक-तृतीयांश. कॉर्नवॉलच्या तांब्याच्या व कथिलाच्या खाणींना वेल्सहून जहाजाने कोळसा आणावा लागे. तिथे या एंजिनास मोठी मागणी आली. जिथे कोळसा खाणीच्या तोंडाशीच स्वस्त होता, तिथे न्यूकमेनचे यंत्र दीर्घकाळ टिकले. यंत्राची कार्यक्षमता अखेर इंधनाच्या भावावर तोलली जाते, ती अशी.

जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. ज्या कायद्याने बोल्टनला भांडवल गुंतविण्याचे धैर्य दिले, त्यानेच इतर संशोधकांचे हात बांधले. जोनाथन हॉर्नब्लोअरने दोन सिलिंडरांचे एंजिन रचले, तेव्हा वॉटच्या पेटंटने त्याची वाट अडविली. उच्च दाबाची वाफ वॉटला धोक्याची वाटे. तिचा मार्ग रिचर्ड ट्रेव्हिथिकने पेटंट संपल्यावर मोकळा केला.

वॉट १८१९ मध्ये निवर्तला. संशोधकास संरक्षण किती काळ द्यावे आणि समाजाने त्याची किंमत किती मोजावी, हा त्याच्या चरित्रातील प्रश्न मात्र त्याच्याबरोबर संपला नाही.