आंजेलो मोस्सो

मालेगावच्या यंत्रमागांच्या खडखडाटात बोललेला शब्द सहसा ऐकू येत नाही. तरीही शेजारचा कारागीर रागावला आहे की थट्टा करीत आहे, हे त्याच्या मुद्रेवरून व हातवाऱ्यांवरून दुसऱ्यास तत्काळ उमगते. माणसाला माणूस कळतो, तेव्हा मेंदूत काय घडते? मेंदू तर कवटीच्या आड दडलेला! त्याचे कार्य बाहेरून पाहण्याचा मार्ग ज्यांनी प्रथम शोधला, त्यांत इटलीचे आंजेलो मोस्सो अग्रगण्य होत.

मोस्सो यांचा जन्म ३० मे १८४६ रोजी तुरीन शहरी एका गरीब सुताराच्या घरी झाला. परिस्थिती प्रतिकूल असूनही त्यांनी विद्येची कास सोडली नाही. १८७० मध्ये ते वैद्यकाचे पदवीधर झाले. पुढे जर्मनीत कार्ल लुडविग या नामवंत शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्यांनी सूक्ष्म मोजमापाची शिस्त अंगी बाणवली. १८७९ मध्ये ते तुरीनच्या विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्या सुमारास बर्तिनो नावाचा एक शेतकरी त्यांच्या पाहण्यात आला. उंचावरून वीट पडून त्याच्या कवटीला छिद्र पडले होते. तेथे हाड नसल्याने मेंदूचे स्पंदन बाहेरून जाणवे. मोस्सो यांनी त्या जागी एक हलके उपकरण बसविले. त्याची लेखणी फिरत्या नळकांड्यावरील काजळीत रेषा ओढू लागली. आठ व बारा यांचा गुणाकार करावयास सांगताच ती रेषा उंचावली. दुपारी चर्चची घंटा वाजली आणि स्पंदन वाढले. तिच्यामुळे प्रार्थनेची आठवण झाली काय, असे मोस्सो यांनी विचारताच ते पुन्हा वाढले.

तथापि मोस्सो एवढ्यावर संतुष्ट झाले नाहीत. हृदयच जोराने धडधडू लागले, तर रक्त सर्वच अवयवांत उसळेल. मग ते मेंदूचे कार्य कसे म्हणावे? म्हणून त्यांनी हाताच्या स्पंदनाचीही नोंद ठेवली. मेंदूचे स्पंदन वाढले, तरी हाताचे तसे वाढत नव्हते. मनाच्या व्यापाराबरोबर मेंदूतील रक्ताचा ओघ बदलतो, हा निष्कर्ष त्यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केला.

पण निरोगी माणसाची परीक्षा कशी घ्यावी? त्यासाठी त्यांनी तराजूसारखी तोललेली एक फळी तयार केली. तिच्यावर माणसाला निजवून, त्याचे मन कामाला लागताच डोक्याकडील बाजू खाली झुकते का, हे ते पाहत. श्वासोच्छ्वासानेही फळी हलत असे. तो दोष टाळण्यासाठी त्यांनी पुष्कळ परिश्रम घेतले.

२४ नोव्हेंबर १९१० रोजी मोस्सो निवर्तले. त्यांचा विचार मात्र पुढे चालू राहिला. १९९० नंतर प्रचंड चुंबकाच्या साहाय्याने, कवटीला धक्का न लावता, मेंदूतील रक्ताचे बदल चित्रित होऊ लागले. २०१७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी काही जणांना केवळ ठिपक्यांनी रेखाटलेल्या मनुष्याकृती दाखविल्या. दोन आकृती एकमेकींशी व्यवहार करताना दिसल्या, तेव्हा मेंदूच्या बाजूचा, कानाच्या वरच्या अंगास असलेला एक भाग विशेष कार्यरत झाला. त्या आपापले काम वेगवेगळे करताना दिसल्या, तेव्हा तो तितका कार्यरत झाला नाही.

सुताराच्या या मुलाने एका शेतकऱ्याला सहज विचारलेला प्रश्न काजळीवर उमटला होता. आपला शब्द दुसऱ्याच्या केवळ कानावर पडून विरत नाही. तो त्याच्या मेंदूतील रक्तालाही हलवितो, याची साक्ष त्या बारीक रेषेने दिली.